रिंगणाबाहेरचे गठ्ठे

नेम धरून कसं चुकायचं, हे मी सरकारकडून शिकले. शिकवणी फुकट होती आणि घरापासून हाकेच्या अंतरावर होती, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर म्हणाल, बाई सरकारचे उपकार विसरली.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या पुढं, बंडीच्या वाटेनं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही मुंबईचे होतो, त्याच्याही आधी नागपूरचे. आम्ही जागचे हललो नव्हतो. वांगी, मिरची, कांदा जिथं लागायचा तिथंच लागत होता. वरचे लोकच आम्हाला इकडून तिकडं टाकत होते. त्यामुळं आभाळातून काही येऊन पडणार म्हटल्यावर गावाला फारसं नवल वाटलं नाही.

होळी होऊन गेली होती, वावरं मोकळी झाली होती. एका सकाळी लष्कराच्या गाड्या धुरळा उडवत आल्या आणि गावामागच्या माळावर तंबू पडले. संध्याकाळी दवंडी फिरली: उद्यापासून विमानातून छत्री लावलेले गठ्ठे टाकले जातील, तरी माणसांनी आणि ढोरांनी माळाकडं फिरकू नये. दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्खं गाव भाकरी बांधून माळाच्या कडेला हजर. ढोरं तेवढी घरी राहिली. त्यांना अक्कल होती.

जवानांनी माळ काय साफ केला होता! आमच्या घरची ओसरी इतकी स्वच्छ नव्हती. दगड वेचले, बोराट्या उपटल्या, चुन्याचं भलंमोठं रिंगण आखलं. रिंगणाच्या मधोमध पांढऱ्या कापडाचे दोन पट्टे, एक उभा आणि एक त्याच्या डोक्यावर आडवा. ही खूण वरून विमानवाल्याला दिसायची, निदान तशी आशा होती. चीनशी लढाई झाली तेव्हा डोंगरातल्या आपल्या जवानांना अशीच वरून रसद टाकली, आणि त्यातली बरीच भलतीकडंच पडली. म्हणून आता हा सराव. गठ्ठ्यांत धान्याऐवजी वाळूची पोती. वाळू भलतीकडं पडली तर कुणी उपाशी राहत नाही, एवढा विचार मात्र सरकारनं केला होता.

विमान आलं. दमेकऱ्यासारखं घरघरत त्यानं माळावरून चक्कर मारली, दारातून काहीतरी काळं ढकललं आणि त्यावर छत्री उमलली. छत्री डुलत डुलत रिंगणाकडं आली, रिंगणावरून गेली, नाल्यावरून गेली, आणि पाटलाच्या गोठ्याच्या छपरावर जाऊन आरामात बसली. गावानं टाळ्या वाजवल्या. लष्कराचा साहेब वळून आमच्याकडं बघत राहिला. तरणाताठा, पंजाबकडचा माणूस. त्याला वाटलं असेल, बिचारे अडाणी, यांना कळलंच नाही की नेम चुकला. आम्हाला सगळं कळलं होतं. पाटलाचं छप्पर फुटलं म्हणूनच टाळ्या होत्या.

पुढं रोज तेच. एक गठ्ठा कांद्याच्या वाफ्यात, एक नाल्यात, एक मारुतीच्या पारावर. तिथं पत्ते कुटत बसलेली मंडळी अशी पळाली की त्यांतले दोघं वर्षानुवर्षं गुडघेदुखीचं खोटंच गाऱ्हाणं सांगत होते, हे त्या दिवशी गावाला उमगलं. रिंगण तेवढं कोरं करकरीत राहिलं. चुना पुन्हा मारायचीसुद्धा गरज पडली नाही. गाव तर खुशीत होतं. गठ्ठा ज्याच्या वावरात पडेल त्याच्याकडं जवान जीप घेऊन यायचे, छत्री झाडून, घडी घालून घेऊन जायचे. पण दोऱ्यांचं कोण बघतो? त्या उन्हाळ्यात आमच्या गावचे बैल छत्रीच्या गुळगुळीत दोरीनं बांधलेले असायचे, आणि त्यांची मिजाससुद्धा वाढली होती. गठ्ठा आपल्या वावरात पडावा म्हणून बाया मारुतीला नारळ बोलत होत्या.

हसत नव्हते ती मी एकटी. मी विमानाला शिव्या देत होते. मनात नाही, चांगल्या तोंडानं.

आमचे हे फौजेत होते. मळ्यावर दोघांचं भागायचं, तिसऱ्याचं भागत नव्हतं, म्हणून भरती झाले. घरी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. संक्रांतीला हे रजेवर आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, त्यांची चौकी पार तिकडं, आसामच्याही वर, डोंगराच्या एका कडेवर आहे. रस्ता नाही. पीठ, डाळ, रॉकेल, सगळं विमानातून पडतं. पडतं म्हणजे काय, थोडं चौकीवर आणि थोडं दरीत.

"मंग दरीतल्याचं काय करता?" मी विचारलं.

"काय करता म्हणजे? उतरतो अन् आणतो."

मळेकऱ्याचा लेक. लहानपणापासून विहिरीचा गाळ काढायला कमरेला दोर बांधून उतरायची सवय. तिथं एकदा उतरले, गठ्ठा बांधून वर पाठवला, आणि झालं! चुकलेला गठ्ठा म्हटलं की यांचंच नाव. हे सांगताना हसत होते, जसं काही जावयाचा मान मिळाला. आत्याबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या रात्री त्यांनी मला विचारलं, "किती खोल असन व ते?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "आपल्या विहिरीएवढं असन." त्या 'हाव' म्हणाल्या, पण त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

तर आता सांगा, मला हसू कसं येणार? इथं नेम चुकला की जवान जीपमधून हवा खात जायचे, ज्याच्या वावरात गठ्ठा त्याच्याकडं ताक प्यायचे, मिशा पुसत यायचे. तिथं नेम चुकला की माझा नवरा दरीत उतरायचा. माळावरचा प्रत्येक गठ्ठा मी त्यांच्याच चौकीवर टाकून बघत होते. कांद्याच्या वाफ्यात पडला, उतरले. नाल्यात पडला, उतरले. नाल्यातला काढायला तर उशीर झाला, आणि मी त्या दिवशी जेवले नाही.

लष्करातला एक हवालदार रोज दुपार कलल्यावर आमच्या मळ्यात भाजी न्यायला यायचा. साताऱ्याकडचा होता. आमची बोली ऐकून तो गालातल्या गालात हसायचा आणि त्याची ऐकून आम्ही. एक दिवस मी त्याच्या पिशवीत वांगी टाकता टाकता विचारलंच, "काऊन हो भाऊ, एवढं मोठं रिंगण दिसत नाई काय तुमच्या विमानवाल्याले?"

"दिसतंय की. पण वारा हाय ना, ताई."

"वारा काय आजच पैदा झाला?"

तो बिचारा चांगला माणूस होता. बांधावर बसला आणि मला समजावून सांगू लागला. तुम्ही उपणता तेव्हा दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब जातो, बरोबर? गठ्ठा म्हणजे दाणा. पण तो नुसता टाकला तर आपटून फुटतो, म्हणून छत्री लावायची. आणि छत्री लावली की दाण्याचा भुसा होतो. मग वारा किती, हे बघून आधीच मागं सरकून टाकायचं. पण खाली झेंडा हलत नसला तरी वर वारा पळत असतो, आणि वरचा वारा खालच्याला दिसत नाही. साहेबांनी त्यावर एक तोड काढली होती. आधी विमानातून कागदाची लांब रंगीत पट्टी सोडायची. टोकाला थोडं वजन. ती छत्रीइतक्याच वेगानं खाली येते. रिंगणावर सोडलेली पट्टी वाहत जाऊन जिथं पडेल तेवढंच उलट्या अंगाला सरकायचं, दुसऱ्या फेरीला तिथून गठ्ठा टाकायचा. वारा त्याला आपसूक रिंगणात आणून सोडतो.

मला ते एकदम पटलं. म्हटलं, "मंग इतके दिवस पट्टी काऊन नाई फेकली?"

"पट्ट्या मंजूर व्हायच्या होत्या," तो म्हणाला.

पट्ट्या मंजूर झाल्या. लाल, पिवळ्या. माळावर पडायच्या त्या पोरींच्या वेण्यांत दिसायच्या. गठ्ठे मात्र खरंच सरकू लागले. नाल्याच्या अलीकडं आले, मग बोरीच्या झाडापर्यंत, मग चुन्याच्या रेघेला टेकले. गावाचं तोंड उतरलं. दोरी बंद झाली ना! एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "मेल्याहिले आता चांगलं पाडता याले लागलं." मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. आत्याबाई रोज चूल पेटवताना विचारायच्या, "आज कुठपर्यंत आलं व?" आणि मी सांगायचे. बोरीपर्यंत आलं म्हटलं की त्या जरा सैल होऊन भाकरी थापायच्या.

अन् मग कुरडयांचा दिवस आला.

वारा घुसतो म्हणून लष्करानं आपले तंबू रिंगणाच्या पलीकडच्या अंगाला हलवले होते. तंबू होते ती जागा रिकामी झाली. सारवल्यासारखी स्वच्छ, खडा नाही, काटा नाही, आणि वर पहारेकरी! हाती बंदूक घेऊन तो दिवसभर गावची बकरी हाकलायचा, बायांना काही म्हणायचा नाही. गावातल्या बायांनी ते बरोबर हेरलं होतं. उन्हाळ्याचं वाळवण घालायचं म्हटलं की अर्धा जीव कावळ्यांत आणि अर्धा बकऱ्यांत अडकलेला. इथं तर सरकारनं राखणदार बसवून दिला होता. आत्याबाईंनी गहू भिजवून चीक काढला, शिजवला, आणि एका सकाळी पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तिथं नको." तर म्हणाल्या, "अवं, विमान तं रिंगणात पाडते. माह्या कुरडया रिंगणात थोड्याच हायेत?"

त्यांनी लेकाचं नवंकोरं धोतर अंथरलं, उभं. ते भरलं. चीक उरला, म्हणून दुसरं अंथरलं. पुढं खड्डा होता, म्हणून ते आडवं. पांढऱ्याशुभ्र धोतरांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया, उन्हात डोळे दिपतील अशा. तिकडं रिंगणातले लष्कराचे पट्टे इतक्या दिवसांच्या धुरळ्यानं मातीचे झाले होते. धुवायचा हुकूम वरून आला नव्हता.

विमान आलं. पट्टी टाकली. वळून आलं. गठ्ठा सुटला, छत्री उघडली, आणि मी बांधावरून बघते तर ती रिंगणाकडं बघायलाच तयार नाही. सरळ आत्याबाईंच्या धोतरांवर उतरली. मधोमध. कुरडयांचा नुसता भुगा उडाला.

जवान धावले, पहारेकरी धावला, मी धावले. साहेब जीपमधून उतरला तो रागानं लाल झालेला. पण मग त्यानं गठ्ठा बघितला, धोतरं बघितली, वर बघितलं, आणि टेप मागवला. दोन्ही धोतरं जिथं भेटत होती तिथून गठ्ठ्यापर्यंत मोजायला लागला. मोजण्यासारखं काही नव्हतंच. गठ्ठा तिथंच बसला होता. साहेबाच्या चेहऱ्यावर काय आनंद! रडावं की नाचावं, कळेना त्याला. हवालदाराला म्हणाला, "एकदम बीचोबीच!" इतक्या दिवसांत सरकारचा एकच नेम लागला, आणि तो माझ्या सासूच्या कुरडयांना.

आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा गावाला माहीत होता. बाजारात भाव पाडून मागणाऱ्याला त्या असं बोलायच्या की तो दुसऱ्या बाजाराला जायचा. त्यात ह्या कुरडया लेकाच्या. दिवाळीला तो रजेवर आला की तळायच्या. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि हवालदार दोन पावलं मागं सरला. पण मग तो हात खाली आला. गठ्ठ्याकडं बघत राहिल्या.

"हे नेम धरून टाकलं काय?" त्यांनी विचारलं.

"व्हय काकू. नेम धरूनच. त्याला वाटलं हेच आमचं निशाण."

"अन् मधात पडलं?"

"मधोमध."

आत्याबाई हसायला लागल्या. अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मला म्हणाल्या, "अवं, मंग जमते याहिले! पाह्यलं काय तू? जमते!" मी म्हटलं, आत्याबाई, कुरडया. तर म्हणाल्या, "जळो त्या कुरडया. आता माह्या लेकाले उतरा लागत नाई." भुग्यातून ज्या धड निघाल्या त्या त्यांनी त्याच दुपारी तळल्या आणि जवानांना नेऊन वाढल्या. दातांत खडे लागत होते, पण पोरांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दवंडी आली की माळाच्या आसपास कुणी पांढरं काही वाळत घालू नये. गावातल्या म्हाताऱ्यांनी धोतरं कुठं वाळवायची, ते सांगितलं नव्हतं. पण लष्करानं आपले पट्टे धुतले, आणि मग काय विचारता! गठ्ठे रिंगणात, रिंगणात आणि रिंगणातच. शेवटच्या दिवशी मोठे साहेब आले, खुर्च्या मांडल्या, कापडी मांडव घातला. पाटलांनी हार घातले. सगळे गठ्ठे पट्ट्यांजवळ पडले, फोटो निघाला. आत्याबाई तर मांडवात पुढं बसल्या होत्या, जणू विमान त्याच चालवत होत्या.

मी पाहुणे पांगल्यावर हवालदाराला गाठलं. म्हटलं, "भाऊ, तुमच्या साहेबाले एक विचारा. तिकडे डोंगरात असा माळ हाये काय?"

त्यानं साहेबाला हिंदीत विचारलं. साहेब माझ्याकडं बघून छान हसला आणि काहीतरी म्हणाला.

"म्हनत्यात, पद्धत तीच, ताई."

"अन् वारा?"

त्यानं तेही विचारलं. "वाराही तोच, म्हनत्यात."

वारा तोच! एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर माझ्यासारखीनं काय बोलावं? मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या रात्री मी पोटभर जेवले. गाड्या गेल्या, चुना पहिल्या पावसात वाहून गेला आणि माळावर पुन्हा बोराट्या आल्या.

दिवाळी झाली. रजा लांबली म्हणून यांचा निरोप आला होता. आत्याबाईंनी दुसऱ्यांदा गहू भिजवून केलेल्या कुरडया डब्यात तशाच होत्या. मार्गशीर्षात पिंपळगावहून डाकवाला सायकल मारत आला. पिशवी खांद्यालाच होती आणि हातात फक्त तार होती, त्यावरूनच कळलं. मी ती त्याच्याकडून घेतलीच नाही. किती वेळ तो तसाच उभा होता. आत्याबाईंनी घेतली, आणि त्यांना तर वाचता येत नव्हतं. मी काय ओरडले, किती ओरडले, ते मला आठवत नाही. मळ्यापलीकडची माणसं ओरडणं ऐकून आली, एवढं नंतर लोकांनी सांगितलं.

पुढं थोड्या दिवसांनी मलकापूरच्या ठेसनावरून एक जीप आली. दोन जवान होते, त्यांतला एक यांच्याच चौकीवरचा, नांदेडकडचा पोरगा. तो माझ्याकडं बघत नव्हता, ओट्याच्या खांबाकडं बघून बोलत होता. म्हणाला, वहिनी, तिथं दरी अरुंद आहे. विमान एका अंगानं शिरतं आणि सरळ निघून जातं, वळायला जागाच नाही. ढग आले की दिवसाला तशी एकच फेरी. पट्टी टाकून, पुन्हा येऊन गठ्ठा टाकायचा, हे तिथं कुणाला जमायचं? गठ्ठा फार लांब पडला नव्हता. कडेच्या थोडासा पलीकडं. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं होतं, पण दादा म्हणाले, मी जातो, मला सवय आहे. वरून एक दगड सुटला.

म्हणजे लष्कर माळावर शिकलं ते माळापुरतं शिकलं. इतकं पेट्रोल जाळून, इतका चुना ओतून, फोटो काढून, सरकारला माळावर नेम धरता आला, जिथं चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी त्या पोराला हे सगळं ऐकवलं. त्याच्या साहेबांना, विमानवाल्याला, हार घालणाऱ्या पाटलाला, मंजुरीवाल्यांना, सगळ्यांना शिव्या दिल्या. त्याचा काय दोष होता? त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. जाताना मात्र तो आत्याबाईंच्या पाया पडला.

 ओट्यावर यांची ट्रंक ठेवलेली होती, काळी, वर पांढऱ्या रंगात नाव. जीप गावात कुठंही न थांबता आली होती. कुणाला विचारलं नाही, चुकीच्या बोळात शिरली नाही, सरळ आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि ट्रंक उतरवून निघून गेली. धुरळा बसेपर्यंत आत्याबाई तिकडंच बघत होत्या. मग त्यांनी ट्रंकेवर हात ठेवला आणि मला विचारलं, "एवढ्या लांबून आपलं घर कसं बराबर सापडलं व याहिले?"